कानाची आणि पाठीची साक्ष

वागळे इस्टेट, ठाणे
८ जानेवारी २०२४

प्रिय महिपत,

जय हिंद. अक्षर ओळखलंस का? तुझा तोफेवरचा उस्ताद चांगदेव.

इतक्या वर्षांनी पत्र कसं, असं तुला वाटणारच. परवा फोन केलेला, तो वहिनींनी उचलला. 'त्यांना ऐकू येत नाही,' एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. तुझे कान इतके गेलेत हे मला ठाऊक नव्हतं. वाईट वाटलं. मग म्हटलं, कागद-पेन घ्यावं.

माझंही काही खरं नाही. पाठ पार कामातून गेली आहे. जमिनीवर झोपतो, उठताना सुनेला हाक मारावी लागते. डॉक्टर म्हणतात मणक्याची दुखापत जुनी आहे. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केलेला, तो परत आला. दुखापत सेवेत झाली याचा पुरावा द्या म्हणतात. आता अपील करायचं आहे आणि पुरावा म्हणशील तर तूच.

राजस्थानातली ती फायरिंग तू विसरला नसशील. वाळूत तोफेचा पाय बसला नव्हता. गोळा सुटला आणि अख्खी तोफ मागे उडाली. दगडू नेमका मागे उभा होता. मी त्याला ढकलून बाजूला केलं आणि तोफेची लोखंडी शेपटी माझ्या पाठीत बसली. तूच मला ओढून काढलंस. तेव्हा माझ्या प्रमोशनचा कागद वर गेलेला होता. हॉस्पिटलात नाव लागलं असतं तर तो तिथेच अडकला असता, म्हणून मी कुठे बोललो नाही, तेल चोळून घेतलं आणि दात आवळून उभा राहिलो. आज ते गप्प राहणं अंगाशी आलंय. दगडू मागल्या वर्षी गेला. बाकीच्यांचा पत्ता नाही. तो प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला तू एकटाच उरलास.

अर्ध्या पानाचं निवेदन हवं आहे. मजकूर मी तयार करून ठेवलाय, तू फक्त सही करायची. इथल्या माजी सैनिक संघाचा मी अध्यक्ष आहे. दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झालं की लोकांना ही दगडूची गोष्ट सांगतो, आणि त्यात तुझं नाव घेतल्याशिवाय राहत नाही.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा उस्ताद,
चांगदेव


कोपर, डोंबिवली पश्चिम
१७ जानेवारी २०२४

चांगदेवराव,

तुमचं पत्र मिळालं. ज्यांच्या नावाने लिहिलंत त्यांच्या हातात मी ते दिलेलं नाही आणि देणारही नाही. या घरात टपाल मी फोडते. मी जनाबाई, महिपतची बायको. फोन मीच ठेवला होता.

कान इतके गेलेत हे तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणता. वाचून मला हसू आलं. ते कान कुणी घालवले आणि नंतर त्यावर कुणी काय लिहून दिलं हे तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. फायरिंगच्या वेळी कानात घालायचे प्लग तुमच्या पेटीत पडून होते. वाटायची जबाबदारी तुमची होती आणि तुम्ही ते वाटले नाहीत. पोरं चिंध्या कोंबून तोफ चालवत होती. आमचे हे घरी आले ते कानात सतत शिट्टी घेऊन, आणि वर्षभरात ती शिट्टीही बंद झाली.

मग फौजेच्या मेडिकल बोर्डाने तुम्हाला विचारलं, याचे कान कशाने गेले? तेव्हा तुम्ही लिहून दिलंत की हा कोळ्याचा पोरगा, लहानपणी खाडीत बुड्या मारून कान फोडून घेतलेले, तोफेचा काही संबंध नाही. प्लगची गोष्ट वर गेली असती तर तुमचं प्रमोशन गेलं असतं, म्हणून तुम्ही ह्यांचे कान खाडीच्या नावावर टाकलेत. त्या एका कागदावर ह्यांची दोन अपिलं फेटाळली गेली. तिसरं आता मुंबईत चालू आहे. मी डोंबिवलीच्या बाजारात टोपली घेऊन बसते आणि वकीलबाईंना भेटायला मासळीच्या वासाने जाते. हे सगळं तुमच्या नावाने.

आणि आता तुमची पाठ दुखते म्हणून ह्यांनी सही करायची.

आधी तुम्ही लिहा. मी खोटं लिहून दिलं होतं, प्लग मी दिले नव्हते, महिपतचे कान तोफेने गेले, असं स्पष्ट लिहून, नोटरी करून, आमच्या दक्षता वकीलबाईंकडे पाठवा. पाठीचं नंतर बघू. मोबाईलवर काही पाठवू नका, तिथे पुसता येतं.

जनाबाई


वागळे इस्टेट, ठाणे
२९ जानेवारी २०२४

सौ. वहिनी,

तुमचं पत्र वाचून मनाला लागलं. बाईमाणसाने इतकं तोडून लिहू नये, पण तुम्ही त्रासात आहात म्हणून मी मनावर घेत नाही.

वहिनी, मी खोटं लिहिलेलं नाही. जे ऐकलं तेच लिहिलं. बर्फात पोस्टिंग होतं तेव्हा आम्ही सगळे शेगडीभोवती बसायचो आणि जो तो आपल्या गावचं सांगायचा. मी साताऱ्याकडचा, आमच्याकडे सांगायला बैल आणि ऊस. महिपत मात्र खाडीचं सांगायचा. पोराने जाळ्याचे खुंट रोवायला पहिली बुडी मारली आणि वर येताना कानातून रक्त आलं, की खाडीने त्याला आपला म्हटलं असं तुमच्या घरात मानतात. मग त्याच्या नावाने नारळ वाहतात, गोड करतात. आपला कान पहिल्याच बुडीला कसा फुटला, वडिलांनी नारळ कसा वाहिला, हे त्याने आम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. छाती फुगवून सांगायचा. मग बोर्डाने विचारलं तेव्हा मी काय लिहायचं होतं? त्याच्याच तोंडचं लिहिलं.

प्लगचं म्हणाल तर तेव्हा ते कुणीच वापरत नव्हतं. फौजेतल्या गोष्टी बाहेरून बघणाऱ्याला वेगळ्या दिसतात.

माझं पत्र कृपा करून महिपतला द्या. आम्ही एका ताटात जेवलेले आहोत. तो नाही म्हणणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि म्हणूनच तुम्ही पत्र दडवता आहात.

आपला,
चांगदेव


कोपर, डोंबिवली पश्चिम
१२ फेब्रुवारी २०२४

चांगदेवराव,

ह्यांना पत्र दिलं तर ते नाही म्हणणार नाहीत, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. ह्यांचा स्वभावच तसा. कुणी पायावर पाय दिला तर स्वतःचा पाय मागे घेतील. म्हणून तर पत्र माझ्याकडे आहे.

तुम्ही फार ठसक्यात लिहिलंत की त्याच्याच तोंडचं लिहिलं. तर मग आता ऐका, आणि हे तुमच्या-माझ्यात ठेवा, कुठे लिहू नका. ह्यांनी उभ्या आयुष्यात एकही बुडी मारलेली नाही. ह्यांना पाण्याची भीती वाटते. लहानपणी होडीतून पडले होते, तेव्हापासून पाणी गुडघ्याला लागलं की थरथरायचे. कोळ्याचा पोर पाण्याला भितो हे सासऱ्यांना सहन होईना. एक दिवस दोघंच होडी घेऊन गेले, आणि परत येताना सासऱ्यांनी मासळीचं रक्त पोराच्या कानाला लावलं. किनाऱ्यावर ओरडत उतरले की पोराचा कान फुटला. नारळ वाहिला, अख्ख्या कोळीवाड्यात गोड वाटलं. सगळं खोटं. ते दोघांनाच माहीत होतं, सासरे गेले, आणि लग्नानंतर ह्यांनी मला सांगितलं. सांगताना रडले होते. सख्ख्या भावाला, भिवाभावजींना अजून माहीत नाही. हे फौजेत गेले ते खाडीपासून लांब जायला मिळावं म्हणूनच.

म्हणजे ह्यांचे कान घरातून निघाले तेव्हा शाबूत होते. शेगडीजवळ ह्यांनी बढाई मारली कारण तुम्ही सगळे ह्यांना कोळी, कोळी म्हणून चिडवायचात. त्या बढाईची तुम्ही साक्ष केलीत.

मी ह्यांना एकदा कागदावर लिहून विचारलं, तुम्हीच का नाही सांगत अपिलात की बुडी मारलीच नव्हती? भरल्या ताटावरून उठले. "बाबाची इज्जत इकून मना पेन्शन नको गो," म्हणाले. त्यानंतर मी कधी काढलं नाही. त्यामुळे तोंड तुम्हालाच उघडावं लागेल.

आणखी एक सांगते. गेल्या सोमवारी मी ठाण्याला आले होते. तुमच्या सोसायटीच्या फाटकासमोर रसवंतीवाल्याच्या बाकावर बसून तुम्हाला बघितलं. तुमची किल्ली पडली. तुम्ही काठी टेकून वाकायला गेलात, अर्ध्यात अडकलात, वॉचमन धावत आला. तुमचं तोंड वेदनेने वाकडं झालेलं मी पाहिलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, उसाचा रस सावकाश पीत शेवटपर्यंत बघत बसले.

जनाबाई


वागळे इस्टेट, ठाणे
३ एप्रिल २०२४

सौ. जनाबाई,

तुम्ही जिंकलात असं समजा.

दोन महिने विचार केला. माझं पहिलं अपील फेटाळलं गेलं, साक्षीदाराशिवाय दुसरं टिकणार नाही असं वकील म्हणतो. रात्र रात्र झोप नाही, पाय बधिर व्हायला लागलेत. म्हणून काल तहसील कार्यालयासमोर बसून निवेदन नोटरी केलं आणि तुमच्या दक्षता वकीलबाईंना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पोचपावती माझ्याकडे आहे. मी आधी लिहून दिलेलं चुकीचं होतं, प्लग माझ्या पेटीत होते, महिपत प्रत्येक गोळ्याला तोफेवर हजर होता, सगळं त्यात आहे. तुम्ही म्हणालात त्यापेक्षा जास्तच आहे. कानांबद्दल कुणाच्या मनात शंका राहू नये इतकं सविस्तर लिहिलंय.

हे बाहेर पडलं की संघाचं अध्यक्षपद सोडावं लागेल. सोडेन.

तुम्ही बाकावर बसून रस पीत होतात ते मला दिसलं होतं. तेव्हा ओळख पटली नाही. पत्र आल्यावर पटली. आता तुमचा शब्द पाळा. महिपतची सही घेऊन पाठवा.

चांगदेव


कोपर, डोंबिवली पश्चिम
१९ जुलै २०२४

चांगदेवराव,

तुमची मे आणि जून महिन्यांतली स्मरणपत्रंही मिळाली. उत्तर द्यायला मुद्दामच उशीर केला. ह्यांनी अपिलाच्या उत्तराची किती वर्षं वाट पाहिली, तुम्हालाही टपालवाल्याची वाट बघण्याची थोडी सवय व्हावी असं वाटलं.

दक्षता वकीलबाई खूश आहेत. म्हणाल्या, असा कागद मिळाला की अर्धी लढाई सुनावणीच्या आधीच संपते. वाचून दाखवू का, असं विचारत होत्या. मी नको म्हटलं. तुमची सही दिसली तरी माझं डोकं तापतं, अख्खं पान कोण वाचणार. जे हवं होतं ते त्यात आहे ना, एवढंच विचारलं. आहे म्हणाल्या.

आता तुमच्या पाठीचं. मी शब्द दिला होता असं तुम्ही म्हणता. माझं पत्र काढून बघा. 'पाठीचं नंतर बघू' असं मी लिहिलंय. तर मी बघितलं आणि ठरवलं की ह्यांची सही तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही आमचा माणूस वाळूत उभा केलात, त्याचे कान घेतलेत, आणि वरून त्यालाच खोटं पाडलंत. मी ह्यांना नातीचा आवाज कसा आहे हे कागदावर लिहून सांगते. कसा लिहायचा आवाज, तुम्ही सांगा मला. सान्वी 'आजोबा' म्हणते तेव्हा ते तिच्या ओठांकडे बघतात आणि हसतात, आणि मला भांडी आपटावीशी वाटतात.

तुम्हाला दुखतंय. दुखू दे. तोफेची शेपटी पाठीत बसली हे मला ठाऊक आहे, ह्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. आणि तरी ते कुणीच मान्य करत नाही, हे कसं वाटतं ते आता तुम्हीही भोगा.

यापुढे पत्र पाठवू नका.

जनाबाई


वागळे इस्टेट, ठाणे
३० जुलै २०२४

सौ. जनाबाई,

ठीक आहे.

सुनावणीला जरूर जा. महिपतला एकट्याला नेऊ नका. भाऊ, भाऊबंद, वाड्यातली चार जाणती माणसं बरोबर घ्या. त्याने आयुष्यभर वाट पाहिली आहे, विजय सगळ्यांच्या समोर व्हावा.

चांगदेव


कोपर, डोंबिवली पश्चिम
२८ नोव्हेंबर २०२४

चांगदेव,

राव लावायची आता गरज नाही.

तुझ्या सांगण्यावरून नव्हे, माझ्याच हौसेने मी माणसं नेली. भिवाभावजी, त्यांचा दिपेश, वाड्यातले गोमाजी पाटील, शेजारची दोन-तीन. गोमाजी पाटलांनी इस्त्रीचा सदरा घातलेला. ह्यांनी पदकं लावली होती. सगळे मागच्या बाकांवर ओळीने बसले.

वकीलबाई उभ्या राहिल्या. तुझा कागद मराठीत होता म्हणून त्यांनी आधी तो जसाच्या तसा वाचला आणि मग इंग्रजीत समजावला. प्लगचं वाचलं, तेव्हा मी ह्यांचा हात दाबला. मग पुढचं आलं. 'महिपत यांच्या पत्नीने मला लेखी कळवल्याप्रमाणे महिपत यांनी आयुष्यात कधीही बुडी मारलेली नाही. त्यांना लहानपणापासून पाण्याची भीती वाटते. त्यांचा कान फुटलाच नव्हता, त्यांच्या वडिलांनी मासळीचं रक्त लावून गावाला तसं भासवलं.' शब्द न् शब्द माझा. नारळसुद्धा सोडला नाहीस, गोड वाटल्याचंही लिहिलंस.

मागे कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं नाही. ह्यांनी बघितलं. ह्यांना ऐकू काहीच आलं नव्हतं, पण सगळी आपल्याकडे बघतायत एवढं दिसलं. भाऊ बघतोय, पुतण्या बघतोय, गोमाजी पाटील तोंडावर रुमाल धरून बघतायत. ह्यांना वाटलं आपण जिंकलो. म्हणून हे त्यांच्याकडे बघून हसले. हात जोडले सगळ्यांना.

ते मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही.

न्यायाधीश साहेबांनी तुझी ती ओळ दोनदा वाचायला लावली. म्हणाले, कान मुळात शाबूत होते हे यावरून स्पष्ट होतं, मग तोफेशिवाय दुसरं कारण उरत नाही. म्हणजे आम्ही त्याच ओळीवर जिंकलो. मला तक्रार करायलाही जागा ठेवली नाहीस. कुठे जाऊन सांगू, याने खरं लिहिलं म्हणून?

बाहेर जिन्यात भिवाभावजींनी मला गाठलं. "म्हंजे बाबानं खोटाच नारल व्हायला? आनि आमी इतकी वरसं त्या फोटोपुढं नारल ठेवतंव?" असं मोठ्याने म्हणाले. हे मधे उभे राहून एकदा त्यांच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होते. घरी आल्यावर ह्यांनी पाटी-पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. लिही म्हणाले. मी लिहिलं. वाचलं, ओल्या फडक्याने पुसलं, आणि दुसरं विचारलं, त्याला कुणी सांगितलं? तेही लिहिलं. मग तुझी सगळी पत्रं मागितली. मी डब्यातून काढून दिली.

तेव्हापासून माझ्याकडे बघत नाहीत. ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याने बघणं बंद केलं की घरात काय उरतं ते तुला कळायचं नाही.

मी तुझ्यावर सूड घ्यायला निघाले होते आणि त्यासाठी घरातली सुरी मीच तुझ्या हातात दिली. ते माझं मी बघून घेईन. पण तुझी पाठ कधी बरी होऊ नये एवढंच रोज दिवा लावताना म्हणते.

जनाबाई


कोपर, डोंबिवली पश्चिम
१४ डिसेंबर २०२४

उस्ताद,

महिपत लिहितोय. लिहायची सवय राहिलेली नाही, अक्षर सांभाळून घ्या.

तुमची सगळी पत्रं वाचली. जनाची तुमच्याकडे आहेत, पण तिने काय लिहिलं असेल ते मला न वाचताही कळतं. तिच्यावर माझा राग आहे. तो माझ्या घरात राहील, त्यात तुम्ही पडू नका. ती परवा बाजारातून आली तेव्हा मी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली. एवढ्यावर आमचं सध्या चाललंय.

माझी पेन्शन मंजूर झाली. तुमच्या निवेदनामुळे झाली. वकीलबाई म्हणाल्या आभाराचं पत्र लिहा, म्हणून आभार.

भिवाने बाबांचा फोटो भिंतीवरून उतरवून माळ्यावर टाकला. मी नाक्यावरून गेलो की चार माणसं गप्प होतात आणि एखादा कानाची पाळी चोळतो. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांना वाटतं मला दिसतही नाही. बाबा असते तर हे बघून मेले असते. माझ्यासाठी त्यांनी एकदाच खोटं केलं होतं. एरवी वजनातसुद्धा कुणाला फसवलं नाही त्यांनी.

तुम्ही फार डोक्याने केलंत, उस्ताद. एक अक्षर खोटं लिहिलं नाहीत. मी तुमच्या हाताखाली तोफ शिकलो, आता हेही शिकलो.

सोबत माझं निवेदन पाठवतोय. नोटरी केलेलं आहे. जनाने सांगितलं होतं की मिळणार नाही, पण पाहिलेलं मी पाहिलंय, ते दडवणार नाही. त्यात लिहिलंय की त्या दिवशी मी तोफेवर होतो. तोफ मागे उडाली, तिची शेपटी हवालदार चांगदेव यांच्या पाठीत बसली. मी त्यांना ओढून काढलं. पुढे कित्येक दिवस त्यांना वाकता येत नव्हतं, बूट मी बांधून देत होतो. दुखापत ड्युटीवर झाली, यात शंका नाही. वकीलबाईंनी वाचलं. म्हणाल्या, या कागदावर अपील हरणं अवघड आहे.

पुढे हेही लिहिलंय. दगडू तोफेच्या मागे नव्हता, बाजूला आपल्या जागेवर होता. पहिल्या गोळ्याला तोफ हलली हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या गोळ्याचा हुकूम देऊन हवालदार चांगदेव वळले आणि पळाले. दगडू त्यांच्या वाटेत होता. त्यांनी त्याला ढकललं हे खरं आहे, पण ते स्वतःला वाट करायला ढकललं. मार पाठीवर बसला तो त्यामुळेच. आम्ही बाकीचे तोफेकडे तोंड करून उभे होतो.

मी हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. जनालाही नाही. दगडूनेही कुणाला सांगितलं नसावं, नाहीतर तुम्ही त्याच्या नावाने गोष्ट सांगू धजला नसता. मीही पाण्याला भितो, भीती काय असते ते मला ठाऊक आहे, म्हणून गप्प होतो. वकीलबाईंना विचारलं, पळाल्याने पेन्शन अडते का? नाही म्हणाल्या. घाबरणं गुन्हा नाही, दुखापत ड्युटीवरचीच धरतात.

हा एकच कागद आहे. यातलं अर्धं गाळून दुसरा द्या म्हणालात तर मिळणार नाही. तुम्हाला पेन्शन हवी असेल तर हा अख्खा दाखल करा. नको असेल तर फाडून टाका आणि पंधरा ऑगस्टची गोष्ट सांगत राहा. दोन्ही तुमच्या हातात आहे.

दाखल केलात तर तारीख कळवा. संघातली माणसं, मुलगा, सून, सगळ्यांना घेऊन या. मीही येईन आणि पुढच्या बाकावर बसेन. काय वाचतायत ते मला ऐकू येणार नाही, म्हणून मी तुमच्या तोंडाकडे बघत राहीन.

गनर महिपत